सरांचं तोंड

बनारसच्या दूधविनायक मोहल्ल्यातला मराठी मुलगा काशीबद्दल लिहायला बसला म्हणल्यावर तुम्ही कसली वाट बघताय ते मला माहितीये. घाट, आरती, एखादा साधू, आणि साधूच्या तोंडी एखादं वाक्य जे तुम्ही वहीत उतरवून घेणार. तसलं काही नाहीये. बरं, मी सांगितलं की ही गोष्ट एका बहिऱ्या कुस्ती कोचची आहे, की तुम्ही लगेच दुसरीकडे वळणार. बहिरा कोच, गरीब पोरं, शेवटी पदक, आणि तुम्ही डोळे पुसताय. पदक नाहीये. रुमाल खिशात ठेवा. एक हॉल आहे, टाळ्या पण आहेत, पण त्या मला मिळाल्या आणि मिळायला नको होत्या.

सर आमच्या इंटर कॉलेजात कुस्ती शिकवायचे. इंटर कॉलेज म्हणजे इकडे सहावी ते बारावीची शाळाच. राहायला रामनगरला, गंगेच्या पलीकडे. रोज उजाडायच्या आधी पुलावरून सायकल हाणत यायचे. ऐकू अजिबात येत नाही. जन्मापासून की तापामुळे, यावर स्टाफरूममधे दोन पक्ष होते. सरांना विचारलं तर ते हातानं माशी हाकलल्यासारखं करतात. थोडंफार बोलता येतं त्यांना, पण बोलत नाहीत. लहानपणी तोंड उघडलं की लोक हसायचे म्हणून त्यांनी ते बंद केलं. मी तोंड उघडलं की लोक हसतात म्हणून मी ते कधी बंदच केलं नाही. अशी आमची जोडी.

जवानीत सर स्वतः खेळायचे तेव्हा रेफरीची शिट्टी त्यांना ऐकू यायची नाही. रेफरी थांब म्हणायचा आणि सर समोरच्याला उचलून आपटायचे. दोनदा वॉर्निंग, तिसऱ्यांदा बाहेर. मग त्यांचे उस्ताद रेफरीला आधी जाऊन सांगायला लागले की शिट्टी मारली की याच्या पाठीवर थाप पण मारा. काही मारायचे, काही विसरायचे. सर म्हणतात, मी हरलो त्यातल्या अर्ध्या कुस्त्या थापेवाचून हरलो. हे ते हातानं सांगतात तेव्हा हसू येतं, कारण ते विसरलेला रेफरी फार छान करून दाखवतात. नक्कल करण्यात माझे खरे गुरू तेच.

ओठ वाचायला येतात त्यांना. पण बनारसमधे वाचायचे कुणाचे? इथं शिकलेला, बिनशिकलेला, वकील, मास्तर, सगळ्यांच्या गालात पान. बोलायची वेळ आली की हनुवटी वर आभाळाकडे करून, ओठ मिटून, घशातून बोलतात. ऐकू येणाऱ्याला पण तीनदा विचारावं लागतं. सर म्हणायचे, माझी अडचण कानाची नाही, या शहराच्या गालाची आहे. म्हणून त्यांना एक माणूस लागायचा. लोकांचं त्यांना हातानं सांगणारा, आणि त्यांचं लोकांना तोंडानं सांगणारा.

तो माणूस मी कसा झालो, ते पण ऐका. नववीत होतो. वजन बेचाळीस किलो, त्यात दोन किलो दप्तराचे असावेत. कुस्तीत नाव टाकलं होतं ते फक्त पीटीच्या तासातून सुटायला. एक दिवस मॅटच्या शेडमागं मी पोरांना प्रिन्सिपलची नक्कल करून दाखवत होतो. पोरं लोळत होती. एकदम सगळी गप्प झाली म्हणून मागं बघितलं तर सर उभे. मला वाटलं, गेलो. सरांनी बोटानं खूण केली, पुन्हा कर. केली. ते गंभीर चेहऱ्यानं बघत राहिले, मग स्वतःकडे बोट दाखवलं. म्हणजे आता माझी कर. मी सरांसारखा उभा राहिलो, खांदे पुढं, आणि ते पोरांना "पाय मागं घे" म्हणताना हाताची जी खूण करतात ती केली. सर पुढं आले, माझं मनगट धरलं आणि दोन बोटं वळवून नीट करून दिली. माझी नक्कल दुरुस्त करून देणारा तो पहिला माणूस. बाकीचे नुसते मारायचे.

वर्षभरात मला त्यांच्या सगळ्या खुणा यायला लागल्या. प्रत्येक माणसाला त्यांनी एक खूण दिलेली होती, नाव घ्यायची गरजच नाही. प्रिन्सिपल म्हणजे नाकावरून घसरणारा चष्मा वर करणं. माझी खूण विचारू नका, तिच्यात जीभ आहे.

काम असं चालायचं. शाळांच्या स्पर्धेत मॅटच्या कोपऱ्यात कोच बसतो आणि ओरडतो. आमचे सर हात करायचे आणि ओरडायचो मी. नियम त्यांनी पहिल्याच दिवशी घालून दिला होता. मी जे म्हणतो ते "मी" म्हणून बोलायचं. "सर म्हणतायत की" असलं काही नाही. आपल्याकडचं घालायचं नाही, त्यांचं गाळायचं नाही.

आता तुम्हीच सांगा, माझ्यासारख्याला हे जमणार होतं का? सर हातानं म्हणायचे, डावा पाय. मी ओरडायचो, "अबे बायाँ! बायाँ पैर! घर से पूछ के आया है का?" पोरं हसायची, मॅटवरचा पण हसायचा. त्यातून एखाद्याची पकड सुटायची. तरी सगळ्यांना मजा यायची. आणि नुसती भर नाही, मी सरांना एक आवाज पण दिला होता. संकठा घाटाकडं जाणाऱ्या गल्लीत एक म्हातारे उस्ताद ओट्यावर बसायचे, त्यांचा. जाड, घोगरा, गालात पान असलेला. मी आजारी पडलो की पोरं म्हणायची, आज सर का आवाज नहीं आया. सर समोर उभे असताना! सरांना हसणं दिसायचं. ते विचारायचे, काय म्हणालास? मी हात करायचो, तुम्ही म्हणालात तेच. ते माझ्याकडं जरा वेळ बघायचे आणि सोडून द्यायचे. सहा वर्षं सोडून देत राहिले. मी शाळा सोडून बीएला गेलो तरी रोज सकाळी येत होतो. मला वाटायचं, मी नसलो तर सरांचं कसं होईल. खरं म्हणजे मी नसलो तर माझं कसं होईल हा प्रश्न होता, कारण गल्लीत माझी ओळखच ती होती.

रविवारी सरांचं दुसरं काम. बहिऱ्या मुलांना पळायला शिकवायचं. सहा पोरं आणि एक मुलगी. तिथं माझी काही गरज नसायची. सगळे हातानं बोलायचे आणि माझ्यापेक्षा जास्त बोलायचे. मला एकच काम, डबा सांभाळणं. बहिऱ्यांच्या स्पर्धेत पळायच्या आधी कानातली मशीन काढावी लागते, ज्याला थोडंफार ऐकू येतं त्यानं पण, म्हणजे सगळे सारखे. म्हणून सरांनी सरावातच सवय लावलेली. सगळ्यांची मशीन एका स्टीलच्या डब्यात. पोरं घाईत बंद करायची नाहीत, मग डब्यातून बारीक शिट्ट्या येत राहायच्या. एवढ्या लोकांत त्या फक्त मला ऐकू यायच्या. पळा सांगायला पिस्तुल नाहीच. सरांनी एका लाकडी खोक्यात तीन दिवे बसवून घेतले होते, लाल, पिवळा, हिरवा. हिरवा लागला की पळा.

मुलगी रामनगरचीच, सतरा वर्षांची, चारशे मीटर पळायची. तिची खूण, खांद्यावरून वेणी मागं टाकणं. वडिलांचं पंक्चरचं दुकान. ते तिला मोटरसायकलवर घेऊन यायचे, पण आठला दुकान उघडायचं म्हणून आठच्या आतच. चार महिन्यांनी निवड चाचणी होती, पहिल्या तिघी पुढं जाणार होत्या. सर म्हणायचे, ही जाईल. आणि सर असं कुणाबद्दल म्हणत नाहीत. पण चाचणीसाठी रविवार पुरत नव्हता, रोज पळायला हवं होतं. पळायचं कुठं? नदीपलीकडच्या वाळूत पाय रुततात. मग ती रस्त्यावर पळायची. मागून येणाऱ्या ट्रकचा हॉर्न तिला ऐकू येत नाही, म्हणून वडील तिच्या मागं दिवा लावून मोटरसायकल चालवायचे, म्हणजे ट्रक आधी त्यांना लागेल. एकदा ट्रॅक्टरची ट्रॉली इतक्या जवळून गेली की तिच्या बाहीला काळं ग्रीस लागलं. वडिलांनी ती बाही सरांना आणून दाखवली. 

चुन्याच्या रेघा मारलेलं मैदान एकच, आमच्या कॉलेजचं. आणि तिथं सकाळी सहा ते आठ कुस्ती, शेडमधली मॅट रोज तिथंच अंथरायचे. सरांचीच कुस्ती.

त्या दिवसांत सर थकलेले दिसायचे. सायकल स्टँडला लावून तिच्यावरच टेकून उभे राहायचे जरा वेळ. मला वाटायचं गुडघा दुखत असेल. खरं सांगू का, थकायला कारणं खूप होती. दर डिसेंबरात त्यांना कुठंतरी बोलवून शाल घालायचे आणि प्रेरणा म्हणायचे. शाली इतक्या झाल्या की काकूंनी, म्हणजे सरांच्या बायकोनं, त्या एकावर एक शिवून अंथरूण केलं. प्रेरणा या शब्दाला सरांची स्वतःची खूण होती, खांद्यावर शाल ओढायची आणि जांभई द्यायची.

तेवढ्यात ती तक्रार आली. सरावात एका पोराचा कोपर सरकला. बरा पण झाला तीन आठवड्यात. पण त्याच्या वडिलांनी कमिटीला चिठ्ठी दिली की कोचला शिट्टी ऐकू येत नाही, मुलं सुरक्षित नाहीत. कमिटीनं मीटिंग लावली, सर राहणार की जाणार. मी आठवडाभर पेटलेलो. गल्लीत, घाटावर, चहाच्या टपरीवर, जिथं जाईन तिथं सरांची बाजू मांडत होतो. सरांना म्हणलं, आपण काय बोलायचं ते आधी ठरवू. सर म्हणाले, मी ठरवलंय, तू तिथंच बघ. आधी सांगितलं तर संध्याकाळपर्यंत अख्ख्या बनारसला कळेल. यात त्यांचं काही चुकलं नव्हतं.

मीटिंग कॉलेजच्या हॉलमधे. लांब टेबलामागं सात जण, मधे अध्यक्ष, गाल भरलेला. बाजूला तक्रारवाले वडील. मागं पोरांची गर्दी, त्यांना कुणी बोलवलं नव्हतं, मीच बोलवलं होतं. सर इस्त्रीचा शर्ट घालून आले. उभे राहिले. माझ्याकडं बघून मान हलवली, आणि हात करायला लागले. हळू, साफ, एकेक.

"मी थकलोय. बारा वर्षं कुस्ती शिकवली, आता बास. यांची तक्रार बरोबर की चूक ते राहू द्या, मला मोकळं करा. एकच मागतो. सकाळी सहा ते आठ हे मैदान चार महिने माझ्या पळणाऱ्या पोरांना द्या."

बस. हात खाली घेतले त्यांनी.

आणि मी टेबलाकडं वळून, सरांकडं पाठ करून, तोंड उघडलं. देवाशपथ, मी ठरवून काही केलं नाही. डोक्यात आठवडाभराचं भाषण तयार होतं. समोर सात जण, मागं शंभर पोरं, सगळे माझ्या तोंडाकडं बघतायत. आणि "मैं थक गया हूँ" हे त्या उस्तादांच्या आवाजात बाहेरच पडेना. तो आवाज थकत नाही ना! मला वाटलं, सर रागानं बोलतायत, दुखावलेत, उद्या पस्तावतील. मला वाटलं, मी वाचवतोय.

मी म्हणलं, "मैं थका नहीं हूँ! सीटी नहीं सुनता मैं, मगर अपने बच्चों की धड़कन सुनता हूँ! इस मिट्टी ने मुझे पाला है। जब तक दम है, सुबह-शाम इसी मैदान पर कुश्ती सिखाऊँगा!"

आता लिहिताना माझे कान गरम होतायत. धड़कन! पण तुम्ही तिथं असतात तर तुम्ही पण टाळ्या मारल्या असत्यात. शंभर पोरं उठली. टेबलामागच्या एक बाई पदरानं डोळे पुसायला लागल्या. तक्रारवाले वडील येऊन सरांच्या पाया पडले. आणि अध्यक्षांनी खाली वाकून पिकदाणीत पान थुंकलं. बनारसमधे बोलण्यासाठी कुणी भरलं पान थुंकलं तर समजायचं, मोठा मान दिला. पण मिशी अशी की ओठ तरीही दिसत नव्हते. ते म्हणाले, "तीन साल! कोच साहब तीन साल और रहेंगे। और सुबह छे से आठ, शाम को भी, मैदान पर कुश्ती के सिवा कोई दिखना नहीं चाहिए!"

सरांनी मला विचारलं, काय म्हणाले?

मी हात केले, मानलं त्यांनी.

सरांनी सगळ्यांना हात जोडले. तक्रारवाल्या वडिलांना उठवलं. सरांचा चेहरा असा सैल झाला होता, मी तो तसा आधी बघितला नव्हता. बाहेर येऊन त्यांनी माझ्या पाठीवर हात ठेवला आणि सायकलवर बसून गेले.

मला वाटलं होतं, संध्याकाळी जाऊन समजावून सांगीन. नोकरी पक्की झाली म्हणल्यावर खूशच होतील. संध्याकाळी पोरांनी मला चाट खायला नेलं, तिथं भाषण पुन्हा करायला लावलं, दोनदा. रात्री मोबाईल बघितला तर पळणाऱ्या पोरांच्या ग्रुपवर सरांचा व्हिडिओ. हातानं सांगत होते, उद्यापासून सहा वाजता, कॉलेजच्या मैदानावर, सगळ्यांनी या. खाली सगळ्यांची फुलं, हात. त्या मुलीनं नाचणारी बाई टाकली होती. मी बघत बसलो. आता लिहू, मग लिहू. शेवटी मी पण एक अंगठा टाकला आणि झोपलो. झोप लागली पण, तेच वाईट.

सकाळी सहाला मी पोचलो तेव्हा सातही जणं फाटकाशी उभी होती. मुलगी नवीन बूट घालून, तिचे वडील मोटरसायकलवर. सर दिव्याचं खोकं कॅरियरला बांधून घेऊन आले होते. आत चाळीस कुस्तीवाली पोरं रांगेत. वॉचमन आडवा झाला. मला म्हणाला, "भइया, कुश्ती के अलावा कोई अंदर नहीं जाएगा। कमेटी का ऑर्डर है।" त्याच्या गालात पण पान. सरांनी वॉचमनकडं बघितलं, मग माझ्याकडं. काय म्हणतोय?

त्या एका वेळी मी जसंच्या तसं सांगितलं.

सर फाटकाच्या आत फळ्याशी गेले. नोटीस लागली होती. त्यांनी ती सावकाश वाचली, बोट ठेवून. तिच्यात लिहिलं होतं, प्रशिक्षक महोदय के भावपूर्ण आग्रह पर. त्या ओळीवर त्यांचं बोट थांबलं. मग मागं वळून त्यांनी माझ्याकडं फक्त बघितलं, हात खिशात होते. ज्या माणसाचं बोलणं हातात असतं त्यानं हात खिशात घातले की काय वाटतं, ते तुम्हाला कसं सांगू.

ते फाटकाबाहेर आले. मुलीला, पोरांना काहीतरी सांगितलं. माझ्याकडं पाठ करून, म्हणून मला दिसलं नाही. मग आत जाऊन आठपर्यंत कुस्ती घेतली. चाळीस पोरांची, एकट्यानं. मला बोलवलं नाही. एकेकाचा पाय, एकेकाची मान हातानं धरून नीट करत होते. मुलगी भिंतीवर बसून बघत राहिली. साडेसातला वडिलांनी मोटरसायकल चालू केली.

पुढचं आत्ताच सांगून टाकतो. दुसऱ्या दिवशी आम्ही प्रिन्सिपलकडं गेलो. त्यांनी चष्मा वर केला आणि म्हणाले, रजिस्टरमधे चढलंय, आता पुढची मीटिंग सेशन संपल्यावर. सर वर्षभर सकाळ-संध्याकाळ कुस्ती घेत राहिले. मुलगी रस्त्यावर आणि वाळूत पळाली. चाचणीत चौथी आली. तिनं मला काही म्हणलं नाही, तिच्या वडिलांनी पण नाही. म्हणाले होते ते फक्त सर, त्या नोटीसच्याच दिवशी संध्याकाळी.

ते आमच्या घरी आले. आधी एकदाच आले होते, गणपतीला. आईनं हिंदीत "बैठिए" म्हणलं. आईचे ओठ त्यांना कधीच वाचता आले नाहीत. ते म्हणायचे, तुझ्या आईची हिंदी वेगळ्या तोंडातून येते. बाबा पाठशाळेत शिकवून नुकतेच आलेले. चहा पुढं केला तर सरांनी हातानंच थांबवलं. मला म्हणाले, बोल.

मी विचारलं, काय? कुणाला?

"आईला आणि बाबांना. मी सांगतो ते. तुमच्या घरात जी भाषा चालते तिच्यात."

आणि ते सुरू झाले. मी पण सुरू झालो, सवयीनं, त्या जाड आवाजात. "हा मुलगा सहा वर्षं माझ्या..."

"हा कुणाचा आवाज काढतोयस?" आई म्हणाली.

सरांनी विचारलं, आई काय म्हणाली? सांगावं लागलं. कसला आवाज? ते पण सांगावं लागलं. की मी तुम्हाला एक आवाज दिलाय, सहा वर्षं झाली, गल्लीतल्या उस्तादांचा, घोगरा, पान खाल्लेला.

सरांनी स्वतःच्या गालाला बोट लावून बघितलं. मग हात केले, "मी पान खात नाही."

"काय म्हणतायत?" बाबांनी विचारलं.

"म्हणतायत, पान खात नाहीत."

"सर म्हणतायत की, असं नाही," सरांनी खूण केली. "मी."

मग मी साध्या आवाजात बोलायला लागलो. तो आवाज मला स्वतःलाच अनोळखी वाटत होता, पातळ. समोर आई, बाबा, आणि मी त्यांना सांगतोय.

"मी पान खात नाही. मी काल सात लोकांपुढं सांगितलं की मी थकलोय. आयुष्यात पहिल्यांदा सांगितलं. थकायची मला परवानगी नाही, मला शाल घालतात. ते सांगायला मला महिने लागले. तुमच्या मुलानं ते ऐकलं आणि त्याला आवडलं नाही, म्हणून त्यानं दुसरं सांगितलं. टाळ्या झाल्या. मला वाटलं त्या माझ्या पळणाऱ्या पोरीसाठी आहेत. मी हात जोडले."

"हळू बोल," बाबा म्हणाले. "आणि काही गाळू नकोस."

"गाळत नाहीये."

"त्यांच्याकडं बघ, माझ्याकडं नको."

बघावंच लागतं. तोंडानं कुणी झापलं तर मान खाली घालता येते, खिडकीबाहेर बघता येतं, ऐकू तर येतच राहतं. हातानं झापतात तेव्हा डोळे हलवायची सोय नाही. बघायचं, आणि बघितलेलं स्वतःच्या तोंडानं बोलायचं.

"रेफरी थाप मारायला विसरायचा तेव्हा मला राग यायचा," मी म्हणलं, "पण तो विसरायचा. हा विसरला नाही. यानं विचारल्यावर मला सांगितलं, मानलं त्यांनी. मला ऐकू येत नाही हे लोक मला रोज दाखवतात. यानं दाखवायला नको होतं. ती पोरगी नवीन बूट घालून आली होती."

आईनं तोंडाला पदर लावला. सर थांबले नाहीत.

"उद्या प्रिन्सिपलकडं जायचंय. तिथं पण यालाच न्यावं लागणार. दुसरा कोणी मिळाला असता तर आजच याला काढला असता. शोधला मी दिवसभर. एकाला खुणा येतात तर वेळ नाही, एकाला वेळ आहे तर खुणा येत नाहीत. मला याच्यावर चिडून घरी पण बसता येत नाही. एवढंच सांगायला आलो होतो."

सरांनी हात मांडीवर ठेवले. चहावर साय धरली होती, त्यांनी ती बोटानं बाजूला केली आणि एका दमात प्यायले. उठले, बाबांना नमस्कार केला, जिना उतरून गेले. सायकलचं कुलूप उघडल्याचा आवाज खालून आला.

"ऐकलंस ना काय म्हणाले?" आई म्हणाली.

"आई, मीच बोललो ना ते सगळं."

"बोललास ते कळलं मला. ऐकलंस का, ते विचारत्ये."